सांगलीत कुत्र्यांच्या ग्रूमिंगचा व्यवसाय: नोकरी सोडून उतरावे का?

निळी_शाई

सर्वांना नमस्कार. मी २६ वर्षांची असून सांगलीत विश्रामबागेत राहते. बी.कॉम. झाल्यापासून गेली ४ वर्षे एका पतसंस्थेत लेखनिक आहे आणि महिन्याकाठी १८,००० रुपये हातात पडतात. काम वाईट नाही, परंतु व्हाउचर तपासता तपासता माझे लक्ष समोरच्या पायरीवर बसलेल्या कुत्र्याच्या कानामागच्या गुंत्याकडे जाते, यावरून माझ्या मनाची अवस्था लक्षात यावी.

आमच्या घरी बुंदी नावाची ५ वर्षांची शित्झू आहे. ती वर्षाची असताना आम्ही तिला बाहेरगावच्या एका दुकानात केस कापण्यासाठी नेले होते. तीन तासांनी ती परत हातात आली तेव्हा अंगावर केस उरले नव्हते, पोटाजवळ मशीनच्या तापलेल्या पात्याने उठलेला लाल चट्टा होता, आणि पुढचे आठ दिवस ती पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हती. तेव्हापासून तिचे सगळे मीच करते. हळूहळू गल्लीतल्या सहा घरांनी आपापली कुत्री माझ्याकडे आणायला सुरुवात केली. त्यांत दोन लॅब्राडॉर, एक जर्मन शेफर्ड, एक ल्हासा आणि दोन पामेरियन आहेत.

आता हे काम रीतसर शिकून व्यवसाय म्हणून करावे, असे वाटते आहे. घरात मात्र वातावरण तापले आहे. आई म्हणते, "एवढी शिकलीस ती काय कुत्र्यांची हजामत करायला?" बाबा काही बोलत नाहीत, पण पेपर चेहऱ्यासमोर धरून बसतात. या कामाचे शिक्षण नेमके काय असते, सांगली-मिरजेसारख्या शहरात त्यावर पोट भरते का, आणि एकदम दुकान थाटावे की घरोघरी जाऊन सुरुवात करावी, याबद्दल जाणत्यांनी मोकळेपणाने सांगावे.

प्रीतिसंगम

ताई, मी कराडचा. हे काम मी ९ वर्षे करतो आहे, तेव्हा उत्साहावर पाणी टाकण्याचा हेतू नाही, पण चित्र स्वच्छ दिसावे म्हणून लिहितो.

बहुतेक मुले या कामात येतात ती मोबाइलवर पूडलचे गोल गोल कापलेले पाय पाहून. आपल्या भागात पूडल मी वर्षाला दोन पाहतो. कराड, सातारा, सांगली इथे दारात येते ते लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ज्याला आपण सगळे सरसकट पामेरियन म्हणतो ते स्पिट्झ, आणि अलीकडे शित्झू. यांपैकी पहिल्या तिघांना कात्री जवळजवळ लागतच नाही. त्यांना लागते ती नीट अंघोळ, मेलेला आतला केस काढणे, पूर्ण वाळवणे, नखे, कान आणि तळपायांमधले केस. म्हणजे तुमच्या उत्पन्नाचा मोठा भाग हा न्हाणीघरात आणि ब्लोअरसमोर मिळणार आहे, आरशासमोर नव्हे. ज्याला ओले कुत्रे, ओले कपडे आणि दिवसभर कानाशी चालणारा ब्लोअरचा आवाज सहन होत नाही, त्याने कात्री कितीही सुरेख चालवली तरी आपल्या गावात त्याचे भागत नाही.

राहिला शित्झू. खरी कसोटी तिथेच आहे, पण ती कुत्र्यापेक्षा मालकाशी बोलताना लागते. दोन महिने कंगवा न लागलेले कुत्रे घेऊन येतात, काखेत, कानामागे, पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत नमद्यासारख्या जटा झालेल्या असतात, आणि वरून आग्रह असतो की केस लांबच ठेवा. त्यातही घरी अंघोळ घालून आणलेले असेल तर परिस्थिती आणखी अवघड, कारण गुंता न सोडवता पाणी लागले की तो आवळत जातो आणि वाळल्यावर कातडीला चिकटून बसतो. अशा जटा कंगव्याने ओढून सोडवणे म्हणजे त्या जिवाचे दोन तास हाल करणे होय. मी मालकाचा हात धरून त्या जटेखाली बोट घालायला लावतो. बोट जात नाही हे त्यांना स्वतःला कळले की मग ते बारीक केस कापायला परवानगी देतात, आणि तीही मी वहीत सहीनिशी घेतो. तुमच्या बुंदीच्या बाबतीत कदाचित केस काढणे आवश्यकही असेल. चूक झाली ती तुम्हाला आधी न सांगण्यात, आणि पाते तापू देण्यात. चालू मशीनचे पाते दर काही मिनिटांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचे असते. आपल्याला चटका बसला तर कुत्र्यालाही बसणारच.

गोल्डीचे_बाबा

धाग्यावर जाणकार मंडळी आहेत म्हणून एक प्रश्न विचारतो. आमचा गोल्डन रिट्रीव्हर ६ वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मी दर वर्षी त्याचे सगळे केस मशीनने काढून घेतो, आणि तो ताजातवाना होतो. गेल्या वर्षी एका ग्रूमरने या कामाला चक्क नकार दिला. ग्राहक पैसे देत असताना, आणि तेही कुत्र्याच्या सुखासाठी, नकार देणे हा व्यवसाय कसा? आपण स्वतः उन्हाळ्यात लोकर घालून हिंडतो का?

गोठा_ते_दवाखाना

मी पशुवैद्य आहे. शिक्षण शिरवळच्या महाविद्यालयात झाले आणि आता तासगाव भागात गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांचाही दवाखाना चालवतो. गोल्डीच्या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण धागाकर्तीला हा प्रश्न दर उन्हाळ्यात शंभर वेळा ऐकावा लागणार आहे.

गोल्डन, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, स्पिट्झ, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर मऊ आणि दाट, बाहेरचा राठ आणि लांब. कुत्रे आपल्यासारखे सर्वांगाने घाम गाळून थंड होत नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि शरीराची उष्णता ते धापा टाकून बाहेर टाकते. त्यामुळे केस काढल्याने आपल्याला जो गारवा वाटेल तो त्याला मिळत नाही, उलट ऊन थेट कातडीवर येते. शिवाय बाहेरचा थर परत यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्ष उलटते, आणि काही कुत्र्यांमध्ये तो पूर्वीसारखा येतच नाही. ठिकठिकाणी नुसता लोकरीसारखा आतला केस वाढून अंग चट्ट्याचट्ट्यांचे दिसते. केस काढल्यावर गोल्डी ताजातवाना झाला, हा आपला अनुभव मी खोटा मानत नाही. मेलेला आतला थर अंगावर अडकून राहिला की वारा कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि मशीनने तो थरही निघून गेला म्हणून त्याला हायसे वाटले. तोच थर दाताळ्यासारख्या कंगव्याने आणि ब्लोअरने काढला असता, तर आराम तोच मिळाला असता आणि वरचे छत्र शाबूत राहिले असते. नकार देणाऱ्या ग्रूमरला आपले काम कळत होते, एवढेच म्हणेन. शस्त्रक्रियेसाठी किंवा त्वचारोगाच्या उपचारासाठी आम्हीही केस काढतो, पण त्याचे कारण वेगळे असते.

आता धागाकर्तीसाठी. माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५.५ असतो, तर कुत्र्याचा साधारण ६.५ ते ७.५, म्हणजे उदासीनाच्या जवळ. शिवाय त्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे थर तीन ते पाच असतात, आपल्याकडे ते दहा-पंधरा असतात. घरातला शाम्पू किंवा कपड्याचा साबण लावलेले कुत्रे आठ दिवसांत खाजवत दवाखान्यात येते, त्यामागचे एक कारण हे आहे. ग्रूमरच्या हाताखालून अंगाचा प्रत्येक इंच जातो, मालकाच्या जात नाही. त्यामुळे गाठ, कानातला दुर्गंध, शेपटीचे झडलेले केस, हिरड्यांचा फिकेपणा या गोष्टी प्रथम ग्रूमरलाच दिसतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले असतील आणि खाज नसेल, तर मी थायरॉइडचा विचार करतो. गोचिडांचा सुळसुळाट असलेले कुत्रे सुस्त वाटले, तर अंघोळ बाजूला ठेवून रक्त तपासायला पाठवावे, कारण तपकिरी गोचिडातून एर्लिकियाचा ताप पसरतो.

मर्यादाही सांगतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. कानात औषध घालणे, खरजेवर इंजेक्शन देणे, आणि विशेषतः चिडक्या कुत्र्याला झोपेची गोळी देणे, यांत कधीही पडू नये. काही मालक गोळी घरूनच देऊन आणतात. विचारून खात्री करा, आणि तसे असेल तर त्या दिवशी हात लावू नका.

आणि स्वतःची काळजी. रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सात दिवसांनी अशा दोन मात्रा पुरतात. त्यानंतरही चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जावेच लागते, परंतु आधी लस घेतलेली असल्यास पुढचे डोस कमी लागतात. गजकर्ण कुत्र्याकडून माणसाला होते. खरजेच्या एका प्रकाराची खाजही माणसाला लागते. कंगवे आणि पाती प्रत्येक कुत्र्यानंतर निर्जंतुक करण्याचा कंटाळा केलात, तर एका घरचा रोग दहा घरी पोहोचवण्याचे काम तुमच्या हातून होईल.

गोल्डीचे_बाबा

डॉक्टरसाहेब, सविस्तर उत्तराबद्दल आभार. पूर्ण पटले असे म्हणणार नाही, पण या एप्रिलमध्ये कंगव्याने करून पाहतो. त्या ग्रूमरला मी थोडे जास्तच बोललो होतो.

आरसा

मी मिरजेत सलून चालवतो. आमच्या घरात हे काम तीन पिढ्यांचे आहे. धागाकर्तीच्या आईंचे वाक्य वाचून थोडे खटकले, ते नमूद करतो. हजामत हा शब्द लोक कमीपणा दाखवायला वापरतात, पण दुसऱ्याच्या मानेवर धारदार वस्तू फिरवण्याइतका विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्याचे काम कमी कसे? राग नाही. आता उपयोगाचे बोलतो.

माझ्या मेव्हण्याच्या कुत्र्याचे केस मी एकदा कापले आणि एक गोष्ट त्या दिवशी शिकलो. आमच्या मशीनच्या पट्ट्यांचा आकडा वाढला की केस लांब राहतो. १ नंबरला सुमारे ३ मिलिमीटर, २ नंबरला सुमारे ६. कुत्र्यांच्या पात्यांचा हिशेब बरोबर उलटा आहे. ७ नंबर सुमारे ३ मिलिमीटर ठेवतो, १० नंबर दीड मिलिमीटर, आणि ४० नंबर म्हणजे शस्त्रक्रियेआधी करतात तसे जवळजवळ गुळगुळीत. मी केस मोठे राहावेत म्हणून मोठा आकडा लावला. पुढे काय झाले ते सांगायला नको. मेव्हणा अजून त्या विषयावर माझ्याशी धड बोलत नाही.

कात्री अंगठा आणि अनामिकेत धरायची, आणि हलवायचा तो फक्त अंगठा. वरचे पाते हलते, खालचे स्थिर राहते. पाचही बोटे हलली की टोक कुठे जाईल याचा नेम राहत नाही, आणि कुत्रे तर मान वळवणारच. सुरुवातीला चार दिवस रिकामी कात्री हवेत चालवा. केसांच्या कात्रीने कागद, दोरा, पिशवी काहीही कापू नये आणि घरात कोणाला कापू देऊ नये. धार लावायला केसांच्या कात्र्यांचे काम करणाराच माणूस शोधा, रस्त्यावर विळ्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. आणि तुरटीची पूड जवळ असू द्या.

निळी_शाई

आरसा काका, आईचे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले, पण लिहिताना ते कोणाला लागेल याचा विचार केला नाही, ही चूक माझी. क्षमस्व. तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी बुंदीचे पाय पुसताना टॉवेल तिने स्वतः आणून दिला.

तुरटीवरून आठवले. बुंदीचे नख एकदा जास्त कापले जाऊन रक्त आले, तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे हळद दाबली होती. रक्त थांबले, पण पांढरे कुत्रे पुढचे तीन आठवडे एका पायाने सांगलीच्या मार्केट यार्डातून आल्यासारखे दिसत होते.

शिक्षणाबद्दल अजून कळले नाही. पुण्या-मुंबईकडचे काही खासगी वर्ग महिन्याभराचे आहेत, काही तीन महिन्यांचे, आणि शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निवड कशी करावी?

माणदेशी_वाट

मी आटपाडी तालुक्यातला. आमची मेंढरे आहेत. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. आधी मेंढरे ओढ्यात धुऊन काढायची, सुकू द्यायची आणि मगच कातर लावायची, हा शिरस्ता मी लहानपणापासून पाहिला आहे. ओल्या किंवा मळक्या लोकरीत कातर चालत नाही, तेच तुमच्याकडे दिसते.

सांगायचे ते धरण्याबद्दल. आमच्याकडे नवख्या पोराच्या हातात पहिले वर्षभर कातर देत नाहीत. त्याने मेंढी धरायची. जनावर कुठे धरले की शांत राहते आणि कुठे धरले की बिथरते, हे हाताला कळले की कातरणे सोपे जाते. मेंढी एकदा बसवली की गप्प राहते, कुत्रे राहणार नाही, हे मान्य. पण ज्याला धरता येत नाही त्याने कापू नये, हा नियम दोन्हीकडे एकच असावा.

जाता जाता कारवानी कुत्र्यांबद्दल. जत, आटपाडी भागातून शहरात पुष्कळ पिल्ले जातात. त्यांच्या अंगाला केस जवळपास नसल्यासारखेच असतात. ओले फडके आणि रबरी हातमोजा एवढे पुरे. कातडी मात्र पातळ असते, तारेच्या ब्रशने ओरखडते. बरगड्या दिसतात म्हणून मालकाला उपाशी ठेवल्याचे बोल लावू नका. ते जनावर पळण्यासाठीच तसे घडले आहे.

जमाखर्च

मी करसल्लागार आहे, त्यामुळे भावनेचा भाग इतरांवर सोपवून आकड्यांकडे वळतो.

गृहीत धरू की एका कुत्र्यामागे सरासरी ७०० रुपये मिळतात आणि नियमित ग्राहक दर सहा आठवड्यांनी येतो. घरोघरी जाऊन काम केले आणि पेट्रोल, शाम्पू, पात्यांची धार यांवर महिन्याला ४,००० रुपये गेले, तर सध्याच्या १८,००० पगाराची बरोबरी करण्यासाठी २२,००० रुपये जमा व्हायला हवेत. म्हणजे महिन्याला ३२ भेटी, आणि त्यासाठी सुमारे ४५ नियमित कुत्री. दुकान घेतले आणि भाडे, वीज, पाणी धरून खर्च १५,००० झाला, तर ४८ भेटी आणि सुमारे ६७ कुत्री लागतात. आज तुमच्याकडे ६ आहेत. हा आकडा ४५ वर कसा जाईल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. शिवाय पतसंस्था आजारपणातही पगार देते, ब्लोअर देत नाही; म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

कागदपत्रे फारशी नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असतील तर ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. कर्ज घ्यायचेच असेल तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत सोय आहे. पहिल्या गटापलीकडे जाऊ नका.

जागेबद्दल एक सूचना, जी सांगलीकराला करावी लागू नये. नदीकडच्या भागात तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. गाळा पाहायला जाल तेव्हा भिंतीचा रंग पाहू नका, पाणी कुठवर आले होते ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

प्रीतिसंगम

शिक्षणाचा प्रश्न राहिला होता. या कामाला डॉक्टरकी-वकिलीसारखी वैधानिक नोंदणी नाही, त्यामुळे प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो. वर्गाला फोन करून एकच गोष्ट विचारा, की अभ्यासक्रमात जिवंत कुत्री मी स्वतःच्या हाताने किती करणार. खोट्या केसांच्या बाहुलीवर कापायला शिकणे चांगलेच, पण बाहुली चावत नाही, लघवी करत नाही आणि टेबलावरून उडी मारत नाही. आणि माणदेशी दादांनी जे लिहिले ते मी छापून दुकानात लावणार आहे. माझ्याकडे येणारा मुलगा पहिले दोन महिने फक्त धरतो, धुतो आणि वाळवतो.

माझीही एक चूक लिहितो. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एक पग आला होता. चपट्या नाकाचे कुत्रे, खोलीत पंखा मंद, आणि मी गरम हवेचा ब्लोअर लावून दुसऱ्या ग्राहकाशी बोलत राहिलो. पाच मिनिटांत त्याची जीभ जांभळट झाली. पंजे आणि पोट ओले करून, पंखा लावून, रिक्षाने दवाखान्यात नेले. ताप १०६ फॅरनहाइट निघाला, जिथे कुत्र्याला १०१ ते १०२.५ असायला हवा. तो वाचला. मालकांनी मला एक शब्दही बोलला नाही, आणि ते परत कधी आलेही नाहीत. तेव्हापासून पग, शित्झू यांना गरम हवा लावत नाही, आणि टेबलावर कुत्रे असताना फोन उचलत नाही. गळ्यातल्या फासात कुत्रे अडकवून पाठ फिरवणे हाही असाच गुन्हा आहे. टेबलावरून उडी पडली तर गळफास बसतो.

शरीराचेही सांगतो. माझी कंबर गेली आहे. टेबलाची उंची स्वतःच्या कोपराप्रमाणे ठेवा, लॅब्राडॉर एकटीने उचलू नका, आणि ब्लोअर चालू असताना तोंडाला मास्क आणि कानात बोळे असू द्या. न्हाणीच्या सांडपाण्याच्या नळीला केस अडवायला बारीक जाळी हवी, नाहीतर पहिल्या पावसात घरमालक दारात उभा राहील.

निळी_शाई

साडेतीन महिन्यांनी परत लिहिते आहे. मधल्या काळात रेबीजच्या दोन मात्रा घेतल्या, पतसंस्थेतून साठलेली रजा काढली आणि एका जुन्या ग्रूमरकडे २४ दिवस मदतनीस म्हणून राहिले. पैसे द्यावे लागले नाहीत आणि मिळालेही नाहीत. पहिले बारा दिवस मी कात्रीला हात लावला नाही. पहिल्या आठवड्यात उजवा खांदा इतका दुखत होता की रात्री वेणी घालता येत नव्हती. एकूण ६१ कुत्री हाताखालून गेली. त्यांतली स्वतः पूर्ण केलेली फक्त ९.

नोकरी सोडलेली नाही. जमाखर्च दादांचा हिशेब भिंतीवर चिकटवला आहे, आणि ४५ चा आकडा होईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही असे ठरले आहे. सध्या रविवारी आणि सुटीच्या दिवशी घरोघरी जाते, आणि अंघोळ, कंगवा, नखे, कान एवढेच करते. नियमित कुत्री आता १७ आहेत. पूर्ण केस कापण्याचे काम आले तर अजून नम्रपणे नाही म्हणते.

डॉक्टरांसाठी एक अनुभव. मागच्या रविवारी दोन गल्ल्या पलीकडच्या काकूंकडे ९ वर्षांचा स्पिट्झ पाहायला गेले होते. पुढचा डावा पाय तो कोणालाही धरू देत नव्हता, आणि "हा स्वभावानेच तिरसट आहे", असे घरातले सगळे सांगत होते. मी मुसके बांधले नाही, खाली फरशीवर त्याच्या शेजारी बसून राहिले आणि पाठीला कंगवा करत राहिले. अर्ध्या तासाने पायाचे केस नुसते बाजूला केले तेव्हा दिसले की आतल्या बाजूचे वरचे नख, जे जमिनीला लागत नाही आणि म्हणून झिजत नाही, ते वाढून गोल फिरून मांसात शिरले होते. मी काही न कापता काकूंना ते दाखवले आणि लगेच दवाखान्यात पाठवले.

गोठा_ते_दवाखाना

न कापण्याचा निर्णय अगदी बरोबर होता. अशा नखाखाली बहुधा पू असतो आणि ते काढताना भूल द्यावी लागते. पुढे काय झाले?

निळी_शाई

नख काढले, जखम आता भरली आहे, आणि काल त्याने स्वतःहून पाय माझ्या मांडीवर ठेवला. काकू रडायला लागल्या, कारण कित्येक महिने ते सगळे त्याला ओरडत होते. मी त्या दिवसाचे पैसे घेतले नव्हते, काम काहीच केले नव्हते म्हणून. काकूंनी भडंगाचा पुडा दिला.

प्रीतिसंगम

इथे मात्र माझा आक्षेप आहे. अर्धा तास बसून जे सापडले ते काम नव्हे तर काय? पाहण्याचे पैसे घ्यायला आजपासून शिका, नाहीतर ४५ कुत्री झाली तरी १८,००० होणार नाहीत.

जमाखर्च

अनुमोदन. भडंगाच्या पुड्याची नोंद मी कोणत्या खात्यावर करू?

निळी_शाई

बरे, पुढच्या वेळेपासून घेईन. किती लावू?

प्रीतिसंगम

दीडशे. आणि पेट्रोल वेगळे.